संकेतस्थळाच्या तळाशी कोणाचे नाव?

‘ओपन सोर्स म्हणजे फुकट, आणि फुकट म्हणजे बेवारस’ हा संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज. प्रत्यक्षात ते लिहिणाऱ्याचा कॉपीराइट कायम असतो. परवान्याद्वारे लेखक ते सॉफ्टवेअर वापरण्याची, बदलण्याची, पुढे देण्याची मुभा देतो आणि त्यासाठी अटी घालतो. एमआयटी हा लोकप्रिय परवाना जेमतेम तीन परिच्छेदांचा आहे. त्याची अट एकच : सॉफ्टवेअरच्या प्रतीसोबत मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर राहिला पाहिजे.

ही अट नुसती शिष्टाचाराची नाही. अमेरिकेत रॉबर्ट जेकबसन या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवणारे मुक्त सॉफ्टवेअर लिहिले होते. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने त्यातल्या फायली उचलल्या, पण लेखकांची नावे आणि कॉपीराइटची सूचना गाळली. खालच्या न्यायालयाने याला फार तर करारभंग म्हटले. 2008 मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला : पैसे घेतले नसले तरी श्रेयाच्या अटीला आर्थिक मोल आहे, आणि ती मोडणे हे कॉपीराइटचे उल्लंघन ठरू शकते. नाव गाळणे ही किरकोळ बाब आहे असे वाटणाऱ्याने हा खटला जरूर वाचावा.

याच्या नेमका उलटा गैरसमजही आहे : ‘प्रत्येक साधनाचे नाव मुखपृष्ठाच्या तळाशी हवेच.’ तसे बहुतेक परवाने म्हणत नाहीत. वर्डप्रेसच्या थीममध्ये तळाला येणारी श्रेयाची ओळ काढायला त्याचा जीपीएल परवाना पूर्ण मुभा देतो. पूर्वी बीएसडी परवान्यात जाहिरातीतही श्रेय देण्याचे कलम होते. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांना नेटबीएसडी या कार्यप्रणालीच्या 1997 च्या एका आवृत्तीत अशी 75 श्रेयवाक्ये सापडली! बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने 1999 मध्ये ते कलम वगळले, आणि मला ते योग्यच वाटते. जाहिरातीत घुसडलेली नावांची रांग कोणी वाचत नाही.

आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो : ‘संकेतस्थळ आमच्याच सर्व्हरवर चालते, आम्ही कोणाला प्रत देतच नाही.’ हे अर्धेच खरे. सर्व्हरवर राहणाऱ्या लिनक्सची किंवा डेटाबेसची प्रत वाचकाकडे जात नाही, त्यामुळे बहुतेक परवान्यांची अट तिथे लागू होत नाही. (एजीपीएल मात्र नेमकी हीच पळवाट बंद करतो : बदललेला प्रोग्राम नेटवर्कवरून वापरायला दिलात, तर वापरणाऱ्याला त्याचा सोर्स कोड द्यावा लागतो.) जावास्क्रिप्टच्या लायब्ररीचे, म्हणजे तयार कोडचे, तसे नाही. पान उघडले की तिची प्रत वाचकाच्या ब्राउझरमध्ये उतरते. फाइल लहान करणारी साधने कोडमधल्या टिपा छाटतात. त्यांत कॉपीराइटची ओळही जाऊ शकते. म्हणून लेखक परवान्याची टीप तारांकनानंतर उद्गारचिन्ह घालून सुरू करतात. अशी टीप ठेवायची किंवा वेगळ्या फायलीत काढायची सोय बऱ्याच साधनांत असते. आपल्या साधनात ती चालू आहे की नाही, हे एकदा तपासावे.

कोड वेगळा, माहिती वेगळी, फॉन्ट वेगळा. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरलात तर ‘ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’ हे श्रेय वाचकाला दिसेल असेच द्यावे लागते. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ हा देवनागरी फॉन्ट मुक्त फॉन्ट परवान्याखाली आहे. त्यात मजकूर छापला म्हणून पानावर श्रेय देण्याची सक्ती नाही. फॉन्टची फाइल पुढे द्याल, तेव्हा परवाना सोबत द्यावा लागतो.

नाव सांगितले तर हॅकर येतील, हीही एक भीती. आवृत्तीचा आकडा जाहीर करू नये, हे ठीक. पण कोणती लायब्ररी वापरली हे ब्राउझरमधून कोणालाही पाहता येते. बचाव होतो तो लायब्ररी वेळेवर अद्ययावत ठेवण्याने.

मग सक्ती नसताना श्रेय द्यावे का? द्यावे, असे मी ठामपणे म्हणेन. 2014 मध्ये ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमधली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली तेव्हा जगाला कळले, की इंटरनेटवरचे असंख्य सुरक्षित व्यवहार ज्यावर विसंबून होते त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम 2000 डॉलर देणगी मिळत होती. जे नाव कोणी घेत नाही, त्याच्यासाठी पैसे कोण मागणार? तळाशी गर्दी नको, एक वेगळे पान पुरे : साधन, लेखक, परवाना आणि मूळ प्रकल्पाचा दुवा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये असे परवान्यांचे पान असतेच. पॅकेजांची यादी प्रकल्पात आधीच नोंदलेली असते. तिच्यावरून हे पान आपोआप तयार करता येते, आणि नवे साधन जोडले की त्यात आपोआप भर पडते.