‘डेथ विश’ : दोन चित्रपट आणि त्यांचे टीकाकार

एखाद्या चित्रपटाला समीक्षकांनी नावे ठेवावीत आणि प्रेक्षकांनी मात्र त्याला टाळ्या द्याव्यात, हे आपल्याला काही नवीन नाही. अशा वेळी आपण बहुधा एक सोपा निकाल देऊन मोकळे होतो. समीक्षकांचे नाक नेहमीच वर असते, असे म्हणतो. नाहीतर लोकांना अभिरुचीच नाही, असे म्हणतो. पण दोन्ही निकाल घाईचे असतात. आज मी आपल्यापुढे एक अमेरिकन उदाहरण ठेवणार आहे. ‘डेथ विश’ या नावाचा चित्रपट १९७४ साली निघाला आणि २०१८ साली तो नव्याने काढण्यात आला. दोन्ही वेळा टीकेचा गदारोळ उठला. मात्र दोन्ही वेळची टीका एकच नव्हती, आणि खरी गंमत तिथेच आहे.

आधी कथा सांगतो. पॉल कर्सी हा न्यूयॉर्कमधला एक वास्तुशिल्पी. सालस माणूस. कोरियाच्या युद्धात त्याने हाती बंदूक न घेता वैद्यकीय पथकात काम केलेले. एके दिवशी तीन गुंड त्याच्या घरात शिरतात. पत्नी प्राणास मुकते, आणि अत्याचार झालेली मुलगी अशी सुन्न होते की बोलतसुद्धा नाही. पोलिसांच्या हाती काही लागत नाही. मग हा गृहस्थ पिस्तूल खिशात घालून रात्री बागेतून, भुयारी रेल्वेतून हिंडू लागतो. कुणी लुटायला पुढे आला की गोळी! दिग्दर्शक मायकेल विनर, आणि नायकाच्या भूमिकेत चार्ल्स ब्रॉन्सन.

त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये गुन्हेगारी वाढलेली होती आणि संध्याकाळनंतर बाहेर पडायला माणसे भीत. चित्रपटगृहात प्रत्येक गोळीला टाळी पडे. आणि समीक्षक? ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या व्हिन्सेंट कॅन्बी यांनी चित्रपटावर कडक टीका केली. शिकागोचे रॉजर एबर्ट यांची भूमिका अधिक विचार करायला लावणारी होती. त्यांनी चारपैकी तीन तारे दिले. चित्रपट बांधला चांगला आहे हे त्यांनी कबूल केले, पण त्यामागचे तत्त्वज्ञान मात्र आपल्याला पटत नाही, ते हुकूमशाही वळणाचे आहे, असेही बजावले. म्हणजे पहा, कारागिरीला एक न्याय आणि विचाराला दुसरा. परीक्षण लिहिण्याची ही एक प्रामाणिक रीत आहे असे मला वाटते.

सर्वांत नाराज झाले ते मूळ कादंबरीकारच. ब्रायन गारफील्ड यांनी १९७२ साली ही कादंबरी लिहिली तेव्हा त्यांना दाखवायचे होते ते सूड माणसाला कसे आतून बिघडवतो ते. पडद्यावर त्यांचा हा बिघडलेला माणूस वीर होऊन बसला! तेव्हा त्यांनी १९७५ साली ‘डेथ सेंटेन्स’ नावाची दुसरी कादंबरी लिहून आपले म्हणणे पुन्हा मांडले. तिकडे निर्मात्यांनी मात्र १९९४ पर्यंत ‘डेथ विश’चे आणखी चार भाग काढले.

हा सगळा वाद कागदावरचाच राहिला असता. पण २२ डिसेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गोट्झ नावाच्या गोऱ्या माणसाने चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या. त्यांनी त्याच्याकडे पाच डॉलर मागितले होते. चौघेही जगले, एक मात्र कायमचा पंगू झाला. वर्तमानपत्रांना लगेच ब्रॉन्सनची आठवण झाली आणि पुष्कळ लोकांनी गोट्झची पाठ थोपटली. १९८७ साली ज्यूरीने त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून सोडले. शिक्षा झाली ती विनापरवाना पिस्तुलाची. पुढे १९९६ साली दुसऱ्या ज्यूरीने त्या पंगू झालेल्या तरुणाला चार कोटी तीस लाख डॉलर भरपाई ठरवून दिली. एकाच गोळीबाराबद्दल हे दोन निकाल!

आपल्याकडेही ही कथा आली. १९८४ सालच्या ‘आज की आवाज़’मध्ये राज बब्बर यांनी असाच शस्त्र उचलणारा नायक रंगवला, आणि तो होता प्राध्यापक. आमच्या व्यवसायाला एवढा पराक्रम पडद्यावर तरी लाभला, हेही नसे थोडके!

आता २०१८ कडे येऊ. या वेळी दिग्दर्शक ईलाय रॉथ आणि नायक ब्रूस विलिस. न्यूयॉर्कच्या जागी शिकागो आले, कारण २०१६ साली त्या शहरात साडेसातशेहून अधिक खून झाले होते आणि त्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. वास्तुशिल्पी जाऊन शस्त्रवैद्य आला. दिवसा हा डॉक्टर जखमांतून गोळ्या काढतो आणि रात्री गोळ्या घालतो. एका प्रसंगात पडद्याचे दोन भाग करून ही दोन्ही कामे शेजारीशेजारी दाखवली आहेत. कल्पना झकास होती. पण तिच्यातून कुठला विचार निघाला नाही, पाठीमागे संगीत मात्र दणदणीत वाजत राहिले.

चित्रपट २२ नोव्हेंबर २०१७ ला यायचा होता. १ ऑक्टोबरला लास व्हेगासमध्ये भीषण गोळीबार झाला, आणि त्यानंतर प्रदर्शन २ मार्च २०१८ वर गेले. तर १४ फेब्रुवारीला फ्लॉरिडात पार्कलंडच्या शाळेत सतरा जणांचे बळी गेले. देश शोकात असताना पिस्तुलाचे कौतुक करणारा चित्रपट आला. समीक्षक तुटून पडले. अनुकूल मत देणारे शंभरात वीसही निघाले नाहीत. गोऱ्या नायकाने कृष्णवर्णीय मादकद्रव्य विक्रेत्याला भर रस्त्यात मारावे, हेही अनेकांना खटकले. बंदुकीच्या दुकानातल्या प्रसंगाने थट्टा केली की जाहिरात, हेच कळत नाही, असे काहींनी म्हटले. प्रेक्षकांची पहिल्या दिवशीची पसंती मात्र बरी होती. तीन कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात जेमतेम पाच कोटी मिळवले.

आपण म्हणाल, शाळेतल्या गोळीबाराचे पाप चित्रपटाच्या माथी का? मुहूर्त वाईट लागला, एवढेच ना? हा आक्षेप रास्त आहे, आणि केवळ मुहूर्तावर केलेली टीका मला तरी अपुरी वाटते. खरा दोष कथेतच आहे. १९७४ च्या चित्रपटात पॉलला ते तीन गुंड कधीच सापडत नाहीत. तो मारतो ते दुसरेच. त्यामुळे टाळी वाजवतानाही मनाला एक टोचणी राहते, की हा सूड आहे की आजार? २०१८ च्या चित्रपटात डॉक्टरला त्याच्याच चोरीला गेलेल्या घड्याळावरून माग लागतो आणि तो नेमक्या गुन्हेगारांपर्यंत पोहोचतो. मुलगीही बरी होते. नेम चुकत नाही, निर्दोष कुणी मरत नाही. एकदा का नायक चुकू शकत नाही असे ठरले, की पोलीस कशाला, न्यायाधीश तरी कशाला? जुना चित्रपट भडक होता, पण त्यात एक प्रश्न होता. नव्याने तो प्रश्नच काढून टाकला.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो, ते आता सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका एस. टी. स्थानकावर माझे पाकीट गेले. मी ओरडलो. लोकांनी शेजारचा एक पोरगा धरला आणि बदडायला सुरुवात केली. मी “थांबा” म्हणालो नाही. खरे सांगायचे तर मला बरे वाटत होते. पाचेक मिनिटांनी कंडक्टर बाहेर आला. पाकीट माझ्याच आसनाखाली पडले होते. पोराच्या ओठातून रक्त येत होते. गर्दी पांगली, मी काहीतरी पुटपुटलो, आणि तो काही न बोलता निघून गेला. त्याचे नावसुद्धा मी विचारले नाही.

त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. म्हणून प्रेक्षकांना मी तुच्छ लेखत नाही. राग खरा असतो आणि पोलीस ठाण्यातली हेलपाटे घालण्याची असहायताही खरी असते. मात्र सूडाचा चित्रपट पाहताना आपण एकच प्रश्न स्वतःला विचारावा : या कथेत चूक होण्याची शक्यता ठेवली आहे का? ठेवली असेल तर चित्रपट कितीही भडक असो, तो आपल्याशी माणसासारखा बोलतो आहे. नसेल, तर टाळीसाठी उचललेला हात क्षणभर तसाच धरावा. पाकीट कदाचित आसनाखालीच असेल.