चेनसॉमधली अर्ध्या मिलिमीटरची जागा

पावसाळ्यात ठाण्यात झाड कोसळलं की बाळकुमच्या अग्निशमन केंद्रासारख्या ठिकाणांहून जवान चेनसॉ घेऊन निघतात. त्या करवतीचं टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं. पिस्टन अगदी वर पोचल्यावर त्याची कड आणि सिलिंडरचं छत यांच्यात जी फट उरते, तिच्यावर इंजिनाचा जोर बराच अवलंबून असतो. फट कमी असेल तर कडेचं मिश्रण दाबून मध्यभागी फेकलं जातं, घुसळतं आणि झपाट्यानं जळतं.

मोजणी सोपी आहे. स्पार्क प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार सिलिंडरच्या भिंतीला टेकेपर्यंत आत सारायची, पिस्टन पिनच्या रेषेत धरायची (इतरत्र धरली तर पिस्टन कलतो आणि माप चुकतं) आणि फ्लायव्हील हातानं फिरवायचं. चेपलेलं टोक मायक्रोमीटरनं मोजायचं. दोन्ही बाजूंनी.

इंजिनात सुधारणा करणारे ही फट बहुधा 0.5 मिमीपर्यंत आणतात. त्यासाठी सिलिंडरखालचं गॅस्केट काढून सीलंट लावतात. पण सिलिंडर खाली बसला की एक्झॉस्टचं तोंड उशिरा उघडतं. तेही पुन्हा तपासावं लागतं. फट याहून कमी ठेवली तर वेगात कनेक्टिंग रॉड किंचित ताणला जाऊन पिस्टन छताला धडकू शकतो.

ही खटपट हौशी मंडळींनी स्वतःच्या यंत्रावर जरूर करावी. बचावकामाच्या करवतीवर मात्र कंपनीचंच माप राहू द्यावं. तिथे वेगापेक्षा दोरीच्या पहिल्या ओढीला सुरू होणं मोलाचं असतं.