खडकावरील न दिसणारे कुरण

मोरा बंदरी ओहोटीला उघडे पडणारे दगड कोरे भासतात. परंतु त्यांवरील निसरडा थर सूक्ष्म शैवलांचा असतो. समुद्री गोगलगाई जिभेवरील दातांच्या रांगांनी तो खरवडून खातात. अंटार्क्टिकच्या उथळ समुद्रातही टोपीसारख्या शंखाच्या गोगलगाई असेच चरतात. मात्र तेथील हिवाळ्यात प्रकाश क्षीण होताच शैवलांची वाढ मंदावते. म्हणजे या अन्नाचे मूळ सूर्यप्रकाशच होय.

शिक्षकांनी असा एक लहान दगड समुद्राच्या पाण्यासह काचेच्या बरणीत घालून काही दिवस उजेडात ठेवावा. काचेवर हिरवट थर धरल्यावर आत गोगलगाय सोडून तिचे चरणे मुलांना भिंगातून दाखवावे व तिला पुन्हा तिच्या जागी पोचवावे. तेलाच्या तवंगाने या कुरणाला आणि चरणाऱ्यांनाही हानी पोचू शकते, हे मुलांच्या मनावर ठसवावे.