खांद्याचे गणित मांडणारा प्राध्यापक

हात कानापर्यंत नेताना फक्त खांद्याचा सांधा हलतो, असे वाटते. प्रत्यक्षात पाठीवरचे पात्यासारखे हाड, म्हणजे स्कॅप्युलाही फिरते. या हालचालीचा हिशेब मांडला कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉ. व्हर्न इनमन (१९०५-१९८०) यांनी.

शरीररचनाशास्त्र आणि अस्थिशल्यचिकित्सा या दोन्ही विषयांत ते पारंगत होते. सॉन्डर्स व ॲबट या सहकाऱ्यांसह १९४४ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यासाठी जिवंत व्यक्तीच्या हाडात पिना बसवून हालचाल मोजली, स्नायूंतील विद्युतसंकेतही नोंदवले. हात १८० अंश उचलताना साधारण १२० अंश सांध्यातून आणि ६० अंश स्कॅप्युलातून मिळतात, असे त्यांना दिसले. पुढे अपघातात पाय गमावलेले अभियंता हॉवर्ड एबरहार्ट यांच्यासोबत त्यांनी जखमी सैनिकांच्या कृत्रिम पायांसाठी चालण्याचा अभ्यास केला.

हे प्रमाण व्यक्तीनुसार बदलते, हे नंतरच्या संशोधनातून कळले; पण मूळ सूत्र टिकले. ‘फ्रोजन शोल्डर’मध्ये सांधा आखडला की रुग्ण खांदा कानाकडे उचलून हात वर नेतो. म्हणूनच फिजिओथेरपिस्ट हात किती वर गेला एवढेच पाहत नाहीत. पाठीवरचे ते हाड कसे फिरते, हेही तपासतात.