मोडलेले हाड आणि आवळलेली पट्टी

अमरावती हे व्यायामशाळांचे गाव म्हणून ओळखले जाते. तेथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. मुले जेथे खेळतात तेथे पडणारच; खेड्यात तर मैदानाच्या जोडीला चिंचेचे झाड आणि चालती बंडीही असते. समजा, अकोल्याजवळच्या एखाद्या शाळेत सात वर्षांची मुलगी झाडावरून तळहातावर पडली. कोपराच्या वर सूज आली आहे, ती रडते आहे, आणि डॉक्टर वीस किलोमीटर दूर आहेत. अशा वेळी शिक्षकांनी काय करावे?

प्रथम ओळखण्याचा प्रश्न. ‘बोटे हलतात, म्हणजे हाड मोडलेले नाही’ हा समज चुकीचा आहे. बोटे हलवणारे स्नायू शाबूत असले तर हाड मोडूनही बोटे हलतात. वेदना, सूज, एकाच ठिकाणी दाबल्यावर होणारी तीव्र कळ, अवयवाचा बदललेला आकार आणि तो वापरण्याची नाखुशी ही अस्थिभंगाची खरी लक्षणे होत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा पडल्यावर पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची शक्यता मोठी. मुरगळणे की मोडणे हे बाहेरून नेहमी सांगता येत नाही. क्ष-किरण चित्र घेऊनच ते कळते. तोवर हाड मोडले आहे असेच समजून वागावे. हाडांची टोके घासल्याचा आवाज येतो का, हे हलवून पाहू नये.

लहान मुलांचे हाड वेगळ्या रीतीने मोडते. वर्गात एक वाळलेली पऱ्हाटी आणि कडुनिंबाची एक ओली काडी वाकवून दाखवा. पऱ्हाटी कडकन तुटते. ओली काडी वाकते, एका बाजूने चिरते, पण दुसऱ्या बाजूने जुळलेली राहते. मुलांच्या हाताचे हाड पुष्कळदा या ओल्या काडीसारखे मोडते. त्यामुळे आकार फारसा बदलत नाही आणि दुखणे ‘मुका मार’ म्हणून सोडून दिले जाते.

आता हाड जुळते कसे ते पाहू. मोडलेल्या टोकांभोवती रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत तेथे कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो, त्यात कॅल्शियमचे क्षार साठून तो कठीण होतो आणि पुढे कित्येक महिने त्याला घडाई मिळत राहते. मुलाचा हात साधारण चार ते सहा आठवड्यांत जुळतो. प्रौढाच्या नडगीला तीन-चार महिने किंवा अधिकही लागतात. म्हणजे हाड कोणी जोडत नाही, ते स्वतःच जुळते. वैद्यकाचे काम तीन गोष्टींचे: टोके जागेवर आणणे, ती स्थिर ठेवणे आणि रक्तपुरवठा सांभाळणे.

गावच्या हाडवैद्याला यश का येते, हे यावरून उमगते. मुलांचे हाड थोडे वाकडे जुळले तरी वाढीबरोबर बरेचसे सरळ होते. बरे झालेली मुले गावभर दिसतात. पण लेपामुळे किंवा मालिशीमुळे ती बरी झाली, असे त्यावरून सिद्ध होत नाही. खरा धोका आवळून बांधलेल्या बांबूच्या कामट्यांत आहे. मोडलेला भाग पुढचे एक-दोन दिवस सुजत जातो आणि पट्टी मात्र सैल होत नाही. आतला दाब वाढतो, स्नायूंना रक्त मिळेनासे होते आणि सुमारे सहा तासांत कायमची हानी होऊ लागते. मग स्नायू आखडतात आणि हाताचा पंजा पक्ष्याच्या पायासारखा वळतो. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमन यांनी १८८१ साली या विकृतीचा संबंध फार घट्ट पट्ट्यांशी जोडला. मुलांच्या कोपराजवळच्या अस्थिभंगात रोहिणीही दुखावू शकते, त्यामुळे तेथे धोका अधिक. चांगल्या दवाखान्यातल्या प्लास्टरखालीही हे घडू शकते.

म्हणून शाळेत पुढील क्रम ठेवावा.

१. हात आहे त्या स्थितीतच आधार देऊन ठेवावा. ओढून सरळ करू नये. तेल लावू नये, चोळू नये.

२. बांगड्या, अंगठी, दोरा सूज वाढण्याआधी काढावा.

३. फूटपट्टी किंवा घडी घातलेले जाड वर्तमानपत्र घेऊन त्यावर कापूस पसरावा; कापसाला वऱ्हाडात तोटा नाही. मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर राहतील असे सैलसर बांधावे. गाठ मोडलेल्या जागेवर नको. हात झोळीत ठेवावा.

४. जखमेतून हाड दिसत असेल तर ते आत ढकलू नये. स्वच्छ कापडाने झाकावे आणि तातडीने रुग्णालय गाठावे.

५. मांडीचे हाड मोडल्यास प्रौढाचे एक लिटरहून अधिक रक्त आतल्या आत वाहू शकते. अशा वेळी, किंवा मान-पाठीला मार असल्यास, रुग्णाला न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

६. शस्त्रक्रियेची शक्यता असते, म्हणून खाण्यापिण्यास देऊ नये.

पट्टी बांधल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी बोटे पाहावीत. नख दाबून सोडले की गुलाबी रंग दोन सेकंदांत परतला पाहिजे. बोटे थंड, फिकट किंवा बधिर झाली, तर पट्टी लगेच सैल करावी. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत असेल, किंवा दुसऱ्याने बोटे हलकेच सरळ करताच कळ सोसत नसेल, तर नखाचा रंग चांगला असला तरी धोका समजावा. प्लास्टर घातलेल्या मुलाच्या बाबतीत असे झाले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. प्लास्टर वेळीच कापले तर पुष्कळदा हात वाचतो.

ही शेवटची खूण पालकसभेत आवर्जून सांगावी. वाकडे जुळलेले हाड पुढे सरळ करता येते. मेलेला स्नायू परत आणता येत नाही.