बेताने घ्या, काका!

नांदेडहून येणारी गाडी काचीगुड्याला रिकामी झाली की ऑटोवाल्याला 'बडी चौडी' एवढेच सांगायचे, पाच-दहा मिनिटांत सुलतान बाजार येतो. आपल्या भागातल्या निदान तीन पिढ्यांना हा रस्ता पाठ आहे. निजामाच्या काळात मराठवाड्याची राजधानी हीच. शिकायला, नोकरीला, कोर्टकचेरीला आणि लग्नाचा बस्ता बांधायला आपली माणसे इथेच येत. विवेकवर्धिनी शाळा १९०७ साली जवळच निघाली ती या माणसांमुळेच. आमचे धाकटे काका मात्र इथे स्थायिक झाले ते लष्करामुळे. सिकंदराबादच्या ई.एम.ई. केंद्रात शिकले, बावीस वर्षे गाड्या दुरुस्त केल्या, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि बडी चौडीच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केले.

बरीच वर्षे माझ्या पिशवीत काकांसाठी दोन वस्तू ठरलेल्या असत. एक ज्वारीचे पीठ, दुसरी कंबरदुखीच्या गोळ्या. 'इथला दुकानदार चिठ्ठी मागतो रे, तुझ्याकडं तसंच देतात,' असे काका म्हणत आणि मीही एम.ए. झालेला शहाणा माणूस, दर खेपेला चार-पाच पाकिटे नेऊन देई. नोकरीत असताना उत्तरेकडच्या एका वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स उतरवताना काकांच्या कमरेत जे काही सरकले, ते पुन्हा जागेवर आलेच नव्हते. २०२२ साली पायांना सूज आली म्हणून रक्त तपासले, तर क्रिएटिनिन वाढलेले. डॉक्टरांनी विचारले, 'या गोळ्या कोण देतं?' काकूंनी माझ्याकडे बोट दाखवले. त्या खोलीत मी मान वर केली नाही.

डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या चार दिवस घ्यायला ठीक असतात. वर्षानुवर्षे, तेही उतारवयात आणि रक्तदाब असताना घेतल्या तर मूत्रपिंडावर त्यांचा भार पडतो. काकांच्या गोळ्या त्या दिवशी बंद झाल्या. पण कंबर थोडीच बंद होणार होती? पुढचे दोन महिने त्या घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. काका रात्री उठून गच्चीत बसत. काकू विचारत, 'फार दुखतंय का हो?' उत्तर एकच, 'काही नाही, ठीक आहे.' फौजी माणसाला दुखणे कबूल करायचे म्हणजे शरणागती वाटते.

खरे तर दुखण्यावर माणसाने मोठा विचार केला तो याच परिसरात. आज जिथे कोठीचे महिला विद्यापीठ आहे ती इंग्रजांची रेसिडेन्सी, आणि सुलतान बाजार म्हणजे तेव्हाचा रेसिडेन्सी बाजार. १९३३ साली हा भाग निजामाकडे परत आला आणि नाव बदलले. रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत क्लोरोफॉर्मची तपासणी करणारे दोन आयोग भरवले. दुसऱ्याचा खर्च निजाम महबूब अली खान यांनी उचलला आणि लंडनच्या 'लॅन्सेट'ने आपला डॉक्टर पाठवला. भूल देताना नाडीपेक्षा श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला धोका नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी क्लोरोफॉर्म थेट हृदयही बंद पाडू शकतो हे दाखवले आणि तो निष्कर्ष मागे पडला. पण लॉरींच्या विद्यार्थिनी रूपाबाई फर्दुनजी रेसिडेन्सीच्या रुग्णालयात, म्हणजे आजच्या सुलतान बाजारच्या सरकारी प्रसूतिगृहात, भूल देत असत. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. काकांच्या घरापासून ही जागा चालत जाण्याइतकी जवळ आहे.

तासाभराच्या शस्त्रक्रियेतली वेदना मिटवण्याचे शास्त्र असे दीडशे वर्षे पुढे गेले. पण तीन महिन्यांहून अधिक टिकून राहणारी, जखम भरल्यावरही न जाणारी वेदना ही निराळी गोष्ट आहे. वैद्यकशास्त्र तिला आता स्वतंत्र दुखणे मानते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत तिला स्वतःचे स्थान मिळाले आहे. मज्जासंस्था इतकी हळवी होते की साध्या हालचालीलाही ती धोका समजते. हे मी काकांना सांगू लागलो तेव्हा तेच म्हणाले, 'म्हणजे पहाऱ्यावरचा जवान. चोर कधीचा गेला, हा अजून हॉल्ट-हॉल्ट ओरडतोय.' याहून चांगले मला वर्गात सांगता आले नसते.

सैनिक आणि वेदना यांचे नाते डॉक्टरांना फार पूर्वीपासून चकवत आले आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरला दिसले की गंभीर जखमी झालेल्यांपैकी बहुतेकांना वेदनाशामक नकोच होते. जिवंत सुटलो, आता घरी जायचे, या भावनेने दुखणे दबले होते. १९४६ साली त्याने हे लिहिले. उलटही होते. घरी आल्यावर, पेन्शन सुरू झाल्यावर, रिकाम्या दुपारी तीच कंबर ओरडू लागते. पुण्यात खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, पुण्यातच १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले, त्यांच्यावर सिनेमाही निघाला. त्या सगळ्यांपुढे मान लवतेच. पण चाकाची खुर्ची दिसते, कंबर दिसत नाही. आपल्या मराठवाड्यातल्या गावोगावच्या पारावर बसलेल्या माजी सैनिकांत न दिसणारे असे दुखणे सांभाळणारेच जास्त असतील, असे मला वाटते.

काकांच्या नातवाने, जो अभियांत्रिकीला आहे, इंटरनेटवर एक अभ्यासक्रम शोधून काढला. परदेशी विद्यापीठाचा, फुकट, आठवड्याला एक धडा. दुखणे घालवण्याचा दावा त्यात कुठेच नव्हता, म्हणूनच मला तो खरा वाटला. दुखणे असताना दिवस कसा काढायचा, एवढेच तो शिकवत होता. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डला केट लॉरिग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सांधेदुखीच्या रुग्णांसाठी असे वर्ग सुरू केले. त्यात शिकवणारेही स्वतः दुखणेकरी असत. पुढे हेच वर्ग संगणकावर आले.

अडचण भाषेची होती. धडे इंग्रजीत. काकांना मराठी, उर्दू, हिंदी आणि लष्करी इंग्रजी येते, पण ते इंग्रजी 'हँड ब्रेक' आणि 'अटेन्शन'पुरतेच. मग दर रविवारी सकाळी नातवाने मोबाईल समोर धरायचा आणि मी नांदेडहून व्हिडिओवर धडा मराठीत सांगायचा असे ठरले. गोळ्यांचे प्रायश्चित्त म्हणा हवे तर.

पहिल्याच धड्यात दुखणे शब्दांत लिहा असे होते. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली मॅकगिल विद्यापीठात तयार केलेल्या प्रश्नावलीत दुखण्याचे अठ्ठ्याहत्तर इंग्रजी शब्द आहेत. मी म्हटले, काका, आपण मराठीत करू. 'काही नाही, ठीक आहे' म्हणणारा माणूस, पण वही पुढे ठेवल्यावर काकूंनीच सुरुवात केली. ठणका, कळ, चमक, सणक, उसण, ठसठस, मुंग्या, आग, ओढ, टोचणी, जडपणा. काका ऐकत राहिले आणि म्हणाले, 'सकाळी जड असतं. दुपारी ओढतं. रात्री डाव्या पायात आग.' इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी हे पहिल्यांदा ऐकले. त्या उठून आत गेल्या. मी पडद्यावर पाहत होतो, पण त्या परत येईपर्यंत काय बोलावे ते मला सुचले नाही.

वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्याखाली एक टीप जोडली. माणूस दुखते म्हणाला तर त्याचे म्हणणे मानावे. किती साधी गोष्ट! आपल्याकडे 'एवढं काय झालं?' हेच आधी तोंडात येते.

तिसऱ्या धड्यात एक इंग्रजी शब्द आला, ज्याचा अर्थ ताकद बघून, ठरवून, मध्ये थांबून काम करणे. 'गतिनियमन' वगैरे शब्द मी जुळवत होतो. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, 'बेतानं करा म्हणतोय तो.' बस, तोच शब्द. काकांचे होत असे उलटे. बरे वाटले त्या दिवशी गच्चीवरची टाकी धुवायची, गादी उन्हात टाकायची, मोंढ्यात जाऊन येताना पिशवी उचलायची. मग चार दिवस अंथरुणाला. अभ्यासक्रम सांगतो की बऱ्या दिवशी कमी करा आणि वाईट दिवशीही थोडे करा. मोजून करा, दुखले म्हणून किंवा दुखत नाही म्हणून करू नका.

मोजायला काकांनी मेट्रोचे खांब धरले. सुलतान बाजारातून मेट्रो जाऊ नये म्हणून इथल्या व्यापाऱ्यांनी पुष्कळ विरोध केला होता. अखेर फेब्रुवारी २०२० मध्ये ती धावू लागली आणि अरुंद रस्त्यावर हे दांडगे खांब कायमचे आले. काका त्यांना शिव्या घालत असत. आता त्यांचाच उपयोग झाला. पहिल्या आठवड्यात दोन खांब जायचे, परत यायचे. दुसऱ्या आठवड्यात तीन. 'आज बरं वाटत होतं, सहा जाणार होतो,' म्हणाले. गेलात का? 'नाही. तीन म्हणजे तीन. ऑर्डर आहे.' वहीत तारीख, खांब, झोप आणि मनात काय आले, असे चार रकाने. शेवटचा रकाना बरेच दिवस कोरा होता.

असे कार्यक्रम चालतात का? ऑस्ट्रेलियात मॅक्वारी विद्यापीठाच्या ऑनलाइन वेदना अभ्यासक्रमाची २०१५ साली ४९० जणांवर चाचणी प्रसिद्ध झाली. डॉक्टरांनी वारंवार फोन केला काय किंवा फारसा केला नाही काय, फायदा साधारण सारखाच दिसला. अमेरिकेत माजी सैनिकांवर २०१७ साली झालेल्या एका चाचणीत १२५ जण होते. त्यात तर संगणकही नव्हता. रोज साध्या फोनवर यांत्रिक आवाज विचारपूस करी आणि धडे देई. समोर बसून समुपदेशन घेणाऱ्यांपेक्षा ते मागे पडले नाहीत. पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात २२९ माजी सैनिकांना पावले मोजायचे यंत्र दिले आणि त्यांपैकी निम्म्यांना इंटरनेटचा आधारही दिला. सहा महिन्यांनी दुखण्यामुळे येणारी त्यांची अडचण इतरांपेक्षा कमी झालेली होती, वर्षाने मात्र फरक उरला नाही. हुरूप ओसरला की वही बंद होते. आमच्याकडेही झाली.

पाचव्या महिन्यात थंडीत काकांना अशी सणक भरली की तीन दिवस कूस बदलता येईना. वही भिरकावली. 'तुझा तो गोरा मास्तर काय येऊन कंबर चोळणार आहे?' मला म्हणाले. रविवारी त्यांनी फोन घेतला नाही. त्यापुढच्या रविवारीही नाही. या धड्यांत माघारीचा एक धडा आहे. दुखणे उसळेल, तेव्हा काय करायचे ते बऱ्या दिवशीच लिहून ठेवा, असे तो सांगतो. तो कागद काकूंनी देवघराच्या फळीला चिकटवला होता. शेक. श्वास मोजणे. पूर्ण झोपून न राहता घरातल्या घरात फेऱ्या. कोणाला फोन करायचा. काकूंनी तो कागद मोठ्याने वाचला, काही न बोलता. चौथ्या दिवशी काका स्वयंपाकघरापर्यंत आले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो, कारण हा मजकूर वाचून कोणी डॉक्टर टाळू नये. कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा जाणे, पाय लुळा पडणे, ताप, विनाकारण वजन उतरणे यांपैकी काही असेल तर धडे-बिडे सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ई.सी.एच.एस. योजना आहे. मे २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने 'सेहत' ही घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याची सेवाही सुरू केली. पण एकदा डॉक्टरशी बोलणे निराळे आणि दहा आठवडे हाताला धरून शिकवणे निराळे. हे दुसरे काम मराठीत व्हायला हवे. त्याला मोठा खर्च नाही. कोणी फिजिओथेरपिस्ट, कोणी माजी सैनिक संघटना आणि माझ्यासारखे दोन-चार मास्तर एवढे पुरे. आवाजातले धडे असतील तर ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते साध्या मोबाईलवर ऐकता येतील.

गेल्या दिवाळीत गेलो होतो. पिशवीत फक्त पीठ होते. निघताना काका म्हणाले, 'चल, सोडायला येतो.' मी नको-नको म्हणत होतो, पण बूट घालून तयार. बडी चौडीत भाजीवाल्यांची गर्दी, त्यातून ते माझ्या पुढे, पाठ ताठ. एकेक खांब मागे पडत होता आणि ते ओठांत मोजत होते. अकराव्याशी थांबले. फुलवाल्याने न विचारताच स्टूल पुढे केले, म्हणजे हे रोजचे असावे.

'दमलात का काका?'

'नाही रे. आणखी जाईन सहज.' स्टुलावर बसत त्यांनी खिशातली वही काढली. 'पण आजचे अकराच आहेत. तू नीघ, गाडी चुकेल.'