वेटोळ्याचा पिवळा दिवा

गेल्या जानेवारीतली गोष्ट. पहाटेचे साडेपाच वाजलेले. अंगणात मिट्ट काळोख आणि शालीतून हात बाहेर काढवत नाही अशी थंडी. आमच्या निफाडची थंडी दरवर्षी पेपरात झळकते, ती काही उगाच नाही! सासूबाई कानटोपी घालून, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसलेल्या. मी किल्ली फिरवली. इंजिन घर्र घर्र करून गप्प. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मागून पांढऱ्या धुराचा लोट आणि कच्च्या डिझेलचा वास. गाडी काही सुरू होईना.

सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. नाशिकला, सकाळी सातच्या पाळीला. आमचे हे नोकरीसाठी पुण्यात, शनिवार-रविवारी येतात. त्यामुळे गाडी चालवायची ती मीच. वेळ चुकली तर पाळी चुकते. तिथल्या लोकांना तरी काय बोलणार? मशिनं मोजकी, पेशंट रांगेत. आणि एक पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, रात्री आडवं झालं की दम लागतो. हे ज्या घरात आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

त्या दिवशी शेजारच्या काकांना झोपेतून उठवलं. बिचाऱ्यांनी काही न बोलता आपली गाडी काढली. वीस मिनिटं उशीर झाला, पण निभावलं. रात्री मी पाय चेपत होते तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझ्यापायी सगळ्यांना त्रास. पुढच्या खेपेला राहू दे गं, एखाद्या वेळी नाही गेलं तर काय होतंय?"

काय होतंय ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. माझ्या पोटात गोळाच आला.

मेकॅनिकला फोन केला. तो अकरा वाजता आला. तोवर ऊन चढलेलं. त्यानं किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू! "काही नाही वहिनी, सकाळी जरा जास्त सेल्फ मारत जा," म्हणाला आणि गेला. शुक्रवारी मी जरा जास्त सेल्फ मारला. दहा-बारा वेळा मारल्यावर गाडी कशीबशी सुरू झाली, पण बॅटरी पार मलूल. पुन्हा गॅरेज गाठलं, तर "साहेब आले की त्यांना पाठवा, समजावून सांगतो" असं उत्तर! गाडी मी चालवते, पहाटे काळोखात मी बसते आणि समजावून सांगायचं साहेबांना?

त्या संध्याकाळी माहेरी फोन लावला. माझा धाकटा भाऊ शेती करतो, ट्रॅक्टरची बारीकसारीक कामं स्वतःच करतो. त्यानं दोनच प्रश्न विचारले. "ताई, दुपारी लगेच सुरू होते ना? आणि सकाळी धूर पांढरा येतो ना?" दोन्हीला हो म्हटलं. "मग हिटर प्लग बघ. त्यालाच ग्लो प्लग म्हणतात."

मी कला शाखेची. बी.ए. मराठी. इंजिन म्हणजे माझ्या दृष्टीनं बॉनेटखालचा काळा डोंगर! पण भावानं इतकं सोपं करून सांगितलं की वाटलं, हे आपल्याला कुणी आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, "लहानपणी सायकलीत हवा भरायचो आठवतं? पंपाचं बूड कसं गरम व्हायचं?" बस, तेच तत्त्व. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच. हवा विसाव्या हिश्शाइतकी दाबली जाते, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा पडला की आपोआप पेट घेतो. पण थंडीत लोखंड गारठलेलं असतं. दाबलेल्या हवेची ऊब तेच शोषून घेतं. म्हणून प्रत्येक सिलिंडरपाशी एक बोटाएवढा प्लग असतो. किल्ली अर्धी फिरवली की बॅटरीच्या विजेवर त्याचं टोक काही सेकंदांत लालबुंद होतं. आपल्या पाणी तापवायच्या रॉडचाच भाऊबंद म्हणा ना! तो जळाला की डिझेल नीट पेटत नाही आणि न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर पडतं.

गाडीच्या काट्यांजवळ स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखा एक पिवळा दिवा लागतो, तो या प्लगांचा. तो विझेपर्यंत थांबायचं आणि मगच सेल्फ मारायचा. मी इतकी वर्षं गाडी चालवतेय, पण त्या दिव्यासाठी कधी थांबले नव्हते. गंमत म्हणजे आमच्यासारख्या जुन्या गाड्यांत तो दिवा बऱ्याचदा नुसता वेळ मोजतो. प्लग जळालेले असले तरी तो शहाण्यासारखा लागतो आणि विझतो.

त्या रात्री मुलीनं आणखी एक माहिती शोधून काढली. ज्याच्या नावानं हे इंजिन ओळखतात त्या रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत यशस्वी झालं. पुढे १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात या जातीचं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं! सासूबाई खूप दिवसांनी हसल्या. "म्हणजे आपल्या फोडणीवर चालली असती की गाडी!"

आता पुढचं काम. रविवारी मी बॉनेट उघडलं. हे घरीच होते, पण हात बांधून उभे. "काही तोडू नकोस म्हणजे झालं," एवढंच म्हणाले. भाऊ फोनवर, मुलगी हातात टॉर्च घेऊन.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. इंजिनाच्या बाजूला चार प्लग ओळीनं दिसतात, आणि चौघांच्या डोक्यावरून एक धातूची पट्टी गेलेली असते. तिच्यातूनच वीज येते. छोटे नट सोडून पट्टी काढली, तिच्या वायरीचं टोक फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं. मग किल्ली बंदच ठेवून बॅटरी पुन्हा जोडली आणि प्लग तपासले. बारा व्होल्टचा छोटा बल्ब, त्याला दोन वायरी. एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला टेकवायची. बल्ब लागला तर प्लगमधली तार शाबूत, नाही लागला तर जळालेली. पट्टी काढणं महत्त्वाचं, नाहीतर एका चांगल्या प्लगमुळे चारही चांगलेच वाटतात. आमचा पहिला आणि तिसरा मेलेला निघाला. दुसरा आणि चौथा जिवंत.

दोन गेले म्हणजे बाकीचेही वयात आलेले. म्हणून चारही बदलायचं ठरवलं. दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही. प्लगवर नंबर कोरलेला असतो, तोच मागायचा. लांबी किंवा आटे वेगळे असले तर आत घोटाळा होतो. चार प्लगांचे हजार-बाराशे रुपये झाले.

भावानं बजावलं होतं, "थंड इंजिनाचे प्लग ओढू नकोस. आत काजळी धरलेली असते. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल टाक आणि इंजिन कोमट असताना काढ." म्हणून सोमवारी दुपारी बाजारातून चक्कर मारून आले, हात भाजणार नाही इतपत निवू दिलं आणि बॅटरी पुन्हा सोडून कामाला लागले. आधी प्लगांच्या भोवतीची माती ब्रशनं झाडली आणि सायकलच्या पंपानंच फुंकून काढली. प्लग निघाल्यावर एखादा खडा आत पडला तर केवढ्याला पडेल, विचारू नका! मग खोल गोटी पाना लावून हळूहळू फिरवलं. थोडा सैल, पुन्हा थोडा घट्ट, पुन्हा सैल. कुरकुरत कुरकुरत पहिला निघाला. त्याचं टोक काळं ठिक्कर. मग दुसरा. मग तिसरा.

नवा बसवताना आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा. बरणीचं झाकण तिरकं बसलं की आपल्याला बोटांना कळतं ना? तसंच इथंही कळतं. आटे सरळ बसले की मगच पाना लावायचा, आणि टेकल्यावर अगदी थोडं आवळायचं. इथं जोर दाखवायचा नाही.

चौथा मात्र हलेना. तेल टाकलं, थांबले, पुन्हा पाना लावला. नाही. मनात आलं, हातात लांब पाईप घेऊन एकच जोर दिला तर सुटेल. तीन जमले होते ना, हुरूप आला होता! पण भावाचं वाक्य आठवलं, "एखादा अडला तर सोडून दे. आत तुटला तर इंजिनाचं हेड उतरवावं लागेल." दुसऱ्या दिवशी मंगळवार. गाडी हेड उतरवून पडली असती तर सासूबाईंना कसं नेलं असतं? चौथा तसा जिवंतच होता. मी पाना खाली ठेवला, पट्टी परत जोडली, नट आवळले आणि बॅटरी लावली. खरं सांगते, तीन प्लग काढण्यापेक्षा तो एक सोडून देणं जास्त अवघड गेलं.

मंगळवारी पहाटे साडेपाच. किल्ली अर्धी फिरवली. पिवळं वेटोळं लागलं. मी मनात आकडे मोजत होते, मागे सासूबाई श्वास रोखून. दिवा विझला. सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली! थोडासा धूर आला आणि गेला. पावणेसातला आम्ही नाशिकला पोचलो होतो.

त्याच आठवड्यात मेकॅनिकला बोलावलं, या वेळी नेमकं काम सांगून. इंजिन तापवून, तेल टाकून, अर्धा तास मागेपुढे करत त्यानं चौथा काढला. मग जोर मोजणारा पाना आणून चारही प्लग मापात आवळून दिले. "वहिनी, याला हिसका दिला नाहीत हे बरं केलं," म्हणाला. आता तो मला काय बिघडलंय ते सांगतो. साहेबांना पाठवा म्हणत नाही.

बचत गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं, तर आमच्या एकजणी म्हणाल्या, "अगं, आमच्या पिकअपला हे पहाटे पेटता बोळा धरतात!" मैत्रिणींनो, गावाकडे असं सर्रास चालतं, पण ते धोक्याचं आहे. आग लागायला क्षण पुरतो. म्हणून जाता जाता पाच गोष्टी.

• गाडी दुपारी लगेच आणि थंडीच्या पहाटे मात्र अडून सुरू होत असेल, पांढरा धूर येत असेल, तर प्लग तपासून घ्या. अर्थात बॅटरी अशक्त असली तरीही त्रास होतो, म्हणून तीही बघा.

• सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. अर्धा मिनिट थांबून पुन्हा मारा.

• झटपट सुरू करायचे स्प्रे हिटर प्लगच्या गाडीत मारू नका. लाल झालेल्या टोकावर त्यांचा भडका उडतो.

• नवा प्लग हातात धरून बॅटरीला लावून बघू नका. क्षणात हात भाजतो.

• हे सगळं जुन्या, साध्या डिझेल गाड्यांपुरतं. नव्या गाड्यांत हे प्लग कॉम्प्युटर सांभाळतो, काहींना बारा व्होल्ट सोसतही नाहीत. तिथं घरी हात लावू नका.

एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि लहान डिझेल गाड्या नवीन मिळणं जवळपास थांबलं. पण आपल्या छोट्या गावांत जुन्या गाड्या अजून दवाखान्याच्या, बाजाराच्या खेपा करताहेत, आणि त्यातल्या कितीतरी आता आपण बायका चालवतो. प्रत्येकीनं पाना हातात घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण गाडी का अडते एवढं तरी आपल्याला ठाऊक हवं. म्हणजे कुणी "जास्त सेल्फ मारा" म्हटलं तर आपण निमूट मान डोलावणार नाही.

आमच्याकडे आता त्या दिव्यावर सासूबाईंचीच नजर असते. मागच्या सीटवरून मान पुढे काढून बघतात आणि मला सांगतात, "थांब, थांब... हां, विझला बघ. आता मार!"